पुलावर पाऊस सुरू झाला की…

“माझ्या नाकाकडे बघा,” मी म्हणाले, आणि तो नेमका डोळ्यांत बघत राहिला.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला याची सवय असते. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर छोटी पट्टी आडवी धरायची आणि त्याच्यासमोर अगदी जवळ, श्वास रोखून उभं राहायचं. बहुतेक लोक बावचळतात. कुणी उगाच हसतं, कुणी छताकडे बघतं. हा बावचळला नाही... म्हणून मग मी बावचळले. अंतर दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

तिसऱ्यांदा पट्टी धरली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “पुलावर पाऊस सुरू झाला की काय होतं?”

मी चपापले. तो दुकानात शिरला तेव्हा मी फोनवर दादाशी बोलत होते. बोलत कसली, ओरडत होते. ते वाक्य बहुधा रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असावं.

“गेम क्रॅश होतो,” मी म्हणाले. “हलू नका.”

“कॉम्प्युटर किती वर्षांचा आहे?”

“असं कुणाचं वय विचारू नये.”

“बरं. ओव्हरक्लॉक केलाय?”

आता मात्र मी पट्टी खाली घेतली. आमच्या दुकानात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. ओव्हरक्लॉक करायचं म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कॉम्प्युटरचा प्रोसेसर जास्त जोरात पळवायचा. माझा प्रोसेसर दादाने पळवला होता, तो कॉलेजात असताना. पुढे नोकरीसाठी दूर गेला तेव्हा तो कॉम्प्युटर माझ्या हवाली करून गेला. त्या वेगाचा आकडा मला माझ्या फोन नंबरापेक्षा चांगला पाठ होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

“केलाय. माझ्या दादाने,” मी मान ताठ करून म्हणाले.

“मग वेग थोडा कमी करून बघा.”

“वेगाला हात लावायचा नाही.”

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. हा म्हणाला, “ठीक आहे. मग बाकी सगळं बघू.”

बघू? म्हणजे कोण कोण बघणार होतं? विचारायला हवं होतं, पण मी पट्टी हातात धरून नुसती उभी राहिले. शेवटी मालकांनी येऊन त्याचं माप घेतलं.

आता तो पूल कुठला आणि पाऊस कुठला, ते सांगते. मी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळते. त्याला दोघं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने नकाशा समोर ठेवून वळणं सांगायची. वर्षभर मी चालवत होते, दादा फोनवरून वळणं सांगत होता, आणि असं करत करत आम्ही चक्क अंतिम फेरीत पोचलो होतो. शेकडो जोड्यांमधून आठ उरल्या होत्या आणि त्यांतली एक आमची होती. फेरी रविवारी दुपारी. तिच्यासाठी नवा मार्ग त्याच आठवड्यात सरावाला उघडला होता. आधी जंगल, मग घाट, मग बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की लांबच लांब पूल. गाडी पुलावर चढली की आभाळ भरून यायचं, काचेवर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागायचे आणि... चित्र गोठायचं. मग गेम बंद. दर वेळी, त्याच जागी.

पुलापलीकडे निम्मा मार्ग होता आणि तो मी एकदाही पाहिला नव्हता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर जावं तर हा मार्ग नोंदणी केलेल्या कॉम्प्युटरशिवाय उघडतच नव्हता. त्यात दादाची रविवारची ड्यूटी लागली. थोडक्यात, मला धड कॉम्प्युटर नव्हता, जोडीदार नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी अंतिम फेरीत माझं नाव लागलं होतं. जिंकण्याचं राहू द्या. मला फक्त ती शर्यत पुरी करायची होती, शेवटची रेघ एकदा डोळ्यांनी बघायची होती. ती दिसेना म्हणून मला जेवण गोड लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा न्यायला आला. चष्मा लावून त्याने समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग वळून माझ्याकडे बघितलं. त्याचा नंबर लांबचा होता. जवळचं त्याला चष्म्याशिवायही स्वच्छ दिसायचं, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, छान दिसतंय. मग त्याने विचारलं, संध्याकाळी कुठे यायचं? मीही पत्ता सांगून मोकळी झाले. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि सहानंतर रिकामा असायचा, एवढीच माहिती मी त्याच्याकडून काढली होती.

घरी आईला सांगितलं, आज एक जण येणार आहे, लिफ्ट दुरुस्त करतो.

आई म्हणाली, “आपण तळमजल्यावर राहतो.”

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव लिफ्टवाला पडलं.

तो येईपर्यंत मला दम निघाला नाही. मी गेमचं चित्र थोडं साधं केलं, एक रॅम काढून ठेवली, ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर बदललं आणि टेबलफॅन आणून कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला. मग मोठ्या उत्साहाने गाडी काढली, तर गेम पुलाआधीच, बोगद्यात बंद पडला. लिफ्टवाल्याने सगळी हकिगत ऐकून घेतली, कपाळाला हात लावला आणि विचारलं की आता मूळचा बिघाड कुठला आणि माझा उद्योग कुठला, हे त्याने कसं ओळखायचं? मी केलेलं सगळं त्याने मला पूर्ववत करायला लावलं. त्याच्या कामात एकच शिस्त होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि लिफ्ट चालली, तर कशामुळे चालली ते कळत नाही, आणि कळलं नाही तर ती पुन्हा बंद पडते.

म्हणून आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायला लागलो. पहिल्या संध्याकाळी आतली धूळ काढली. ती इतकी निघाली की आईने झाडू आणून त्याच्या हातात दिला. पुलावर पाऊस सुरू झाला, गेम बंद. दुसऱ्या संध्याकाळी प्रोसेसर गार राहावा म्हणून लावलेली, आता सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पुन्हा पुलावर पाऊस, पुन्हा बंद. मग रॅम एकेक करून बदलून पाहिल्या. मग त्याने स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढून आणला. पाऊस काही आमचं ऐकेना.

प्रत्येक वेळी पुलापर्यंत गाडी न्यायची म्हणजे वळणं सांगायला कुणीतरी हवंच. ते काम आपोआप त्याच्याकडे आलं. सुरुवातीला तो म्हणायचा, “पुढे डावीकडे वळा हं,” आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत मी खड्ड्यात गेलेली असायची.

“इतका मान द्यायला वेळ नाही,” मी शेवटी म्हणाले. “गाडीत असताना तू म्हणा.”

“मग तुम्हीही म्हणा.”

“मी कशाला? मला कुठे काही सांगायचं असतं?”

“सांगाल कधीतरी,” तो नकाशातून डोकं वर न काढता म्हणाला.

त्या दिवसापासून बोगद्यापर्यंत आमचं अरे-तुरे चालायचं. पुलावर गेम बंद पडला की तो घसा खाकरून पुन्हा “तुम्ही जरा सरका, मागची वायर बघतो” वर यायचा. एरवी मला गेम क्रॅश झाला की रडू यायचं. आता वाईट वाटायचं, पण लगेच आठवायचं की म्हणजे उद्या हा पुन्हा येणार... मला आतून आनंद होत होता, आणि त्या आनंदाचा मला रागही येत होता. शर्यत तोंडावर आली होती आणि मी बिघाड टिकला म्हणून खूश होते!

पेस्ट लावली त्या संध्याकाळचंच बघा. तिचा अगदी थेंबभर ठिपका द्यायचा असतो. माझा हात काचा घासून तयार झालेला, म्हणून ते काम मी केलं. तो वाकून टॉर्च धरून होता. दुसऱ्या हाताची बोटं जुन्या पेस्टने बरबटलेली. त्याचा चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला, तर मी बोटाने तो सहज वर सरकवला. धंद्यातली सवय. मग दांडी कानामागे नीट बसली आहे की नाही, तेही बघितलं. ती नीट बसली होती. तरी माझा हात तिथून लगेच निघाला नाही... आणि त्यानेही मान हलवली नाही. टॉर्चचा उजेड मात्र प्रोसेसर सोडून भिंतीवर गेला होता. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, अंधारात काय दिसतंय तुम्हाला?

शनिवारी बदलण्यासारखं काही उरलं नाही. तो खुर्चीत बसून कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला की आता फक्त वेग राहिलाय. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये नऊ जण चढवले तर एरवी ती कुरकुरत चालेल, पण एक दिवस दोन मजल्यांमध्ये अडकेल. पाऊस आला की गेमचं काम वाढतं, आणि म्हातारा प्रोसेसर तेवढा भार त्या वेगाने ओढू शकत नाही.

मला ते पटलं होतं, म्हणूनच मी भडकले. दादाने रात्रंदिवस डोकं घालून तो वेग बसवला होता, तुम्ही दादाला ओळखत नाही, असं बरंच काही मी बोलले.

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही नको म्हणालात, म्हणून बाकी सगळं केलं.”

“बिघाड ठाऊक होता, मग इतके दिवस कशाला आलात?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने चपला घातल्या, उद्या दुपारपर्यंत आपली ड्यूटी आहे एवढं आईला सांगितलं आणि गेला. दार लागल्यावर आई म्हणाली की इतका सोपा प्रश्न कुणी विचारतं का?

मी तणतणत दादाला फोन लावला. त्या लिफ्टवाल्याला तुझी किंमत नाही, तो तुझा वेग उतरवायला निघालाय, असं मी सांगितलं. दादा आधी, आपण तळमजल्यावर राहतो ना, म्हणाला. मग त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटला.

“अगं, बंद तर तो माझ्याकडेही पडायचा,” तो म्हणाला. “मित्रांसमोर मिरवायला तो आकडा लावला होता. खेळताना मी वेग उतरवायचो. जाताना उतरवायचा राहिला.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू इतक्या कौतुकाने सगळ्यांना सांगत होतीस. मलाही खरं सांगायचा धीर होईना.”

मी फोन ठेवला. मला दादाचा राग आला, माझं मलाच हसू आलं, आणि त्या माणसाची इतकी आठवण आली की मी बसल्या जागेवरून उठले. माझ्या हट्टापायी त्याने धूळ काढली होती, पेस्ट खरवडली होती, स्वतःचा कॉम्प्युटर उघडा टाकून त्याचा पॉवर सप्लाय मला आणून दिला होता. सगळं फुकट जाणार हे ठाऊक असून. असं माणूस कशासाठी करतं, हे आता मलाही कळलं.

रविवारी सकाळी मी स्वतः वेग खाली आणला. फक्त वेग, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. पण सराव शनिवारीच बंद झाला होता, त्यामुळे पूल पार होतो की नाही ते शर्यतीतच कळणार होतं. मग जोडीदाराच्या जागी लिफ्टवाल्याचं नाव भरलं. त्याला विचारलं नव्हतं. विचारायला फोन केला तर त्याच्या मागे कुणीतरी लिफ्टमध्ये अडकून दार बडवत होतं.

“लोक अडकलेत,” तो धापा टाकत म्हणाला.

“वेग कमी केलाय,” मी म्हणाले. “वळणं सांगायला येशील?”

पलीकडे क्षणभर फक्त ते दार वाजत राहिलं. गाडीत नसताना मी त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.

“यांना काढतो आणि येतो,” तो म्हणाला.

दुपार झाली. सात जोड्या तयार असल्याचे हिरवे दिवे समोर लागले होते, आठव्याच्या जागी आमचा लाल. मी दाराकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होते. आई खिडकीत उभी होती. ती एकदम म्हणाली, आला, पळत येतोय. तो शिरला तो घामाघूम, हात ग्रीसने काळे, चष्मा वाकडा. मी तो सरळ केला, त्याला खुर्चीत बसवलं आणि आमचा दिवा हिरवा केला.

गाड्या सुटल्या. कमी वेगात चित्र जरासं अडखळत होतं, पण त्याचा आवाज अडखळत नव्हता. डावं, मोठं डावं, खड्डा, उजवं घे, सांभाळ. जंगल गेलं, घाट गेला. बोगद्यात शिरताना आम्ही पाचवे होतो. बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसला.

पूल आला. आभाळ भरून आलं. काचेवर पहिला थेंब पडला, दुसरा पडला. तो टेबलाची कड घट्ट धरून बसला होता, जणू कॉम्प्युटर नाही तर पूलच कोसळणार होता... आणि पाऊस पडत राहिला. धो धो पडला. गाडीचे वायपर फिरायला लागले. या गाडीला वायपर आहेत हेही मला आजवर माहीत नव्हतं.

“गेलो,” तो म्हणाला. “गेलो पलीकडे.”

समोर कधीच न पाहिलेला रस्ता होता, दोन्ही बाजूंना ओलं गवत, आणि मला पुढचं काहीही ठाऊक नव्हतं. जे काही होतं ते त्याच्या हातातल्या नकाशात होतं.

“बोल ना,” मी म्हणाले. “वळण?”

“वळण नाहीये. सरळ आहे. बराच वेळ सरळच आहे.” मग जरा थांबून, “एक बोलू?”

“आत्ता?”

“आत्ताच. तुझे डोळे रस्त्यावर आहेत तोवर. तू माझ्याकडे बघितलंस की मला बोलता येत नाही.”

मी डोळे रस्त्यावर ठेवले. कसे ठेवले ते माझं मला माहीत.

“काल विचारलंस, कशाला आलात. कॉम्प्युटरसाठी नव्हतो आलो. तुझ्या शेजारी बसायला मिळायचं म्हणून आलो. मला तू आवडतेस, खूप आव... उजवं! कडक उजवं, ब्रेक लाव.”

गाडी चिखलात अर्धी फिरली, कुंपणाला घासली आणि कशीबशी रस्त्यावर आली. एक जण आम्हाला मागे टाकून गेला. माझे कान तापले होते आणि मी एकटीच हसत होते.

“पुढचं सरळ कधी आहे?” मी विचारलं.

“तीन वळणांनंतर. का?”

“मलाही बोलायचंय.”

ती तीन वळणं मी कशी काढली ते विचारू नका. त्याने एकदा डाव्याला उजवं म्हटलं, मी तरी डावीकडेच गेले. तिसरं वळण संपलं, पाऊस थांबला आणि रस्ता सरळ झाला.

“हं,” तो म्हणाला. “आलं सरळ.”

“कॉम्प्युटर बरा झालाय,” मी म्हणाले, “आता तुला यायला काही कारण उरलं नाही, या विचाराने सकाळपासून जीव खालीवर होतोय. तर कारण नसताना ये. उद्या ये, परवा ये. मला तू आवडतोस. बिघाड टिकावा असं वाटण्याइतका आवडतोस.”

नकाशा त्याच्या मांडीवरून खाली घसरला होता. त्याने उचलला नाही, आणि मीही त्याला वळण विचारलं नाही, कारण मी त्याच्याकडे बघत होते. त्याने ग्रीसने काळा झालेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

गाडी तशीच सरळ पळत राहिली.

“पोचलात,” मागून आई म्हणाली. “सातवे आलात. रेघ पांढरी होती, बरं का, चांगली रुंद. तुम्ही दोघांनी काही बघितली नाहीत.”